दोघांच्या वतीने

मंगळवार, ४ फेब्रुवारी

भिंगरीच्या बाबांना,

तुमचं पत्र पोचलं. ताईने ते चहाच्या कपाखाली ठेवलं होतं, त्यामुळे पाकिटावर गोल डाग पडलाय, पण आतलं सगळं शाबूत आहे. पहिल्या पानावर प्रभूमध्ये सलाम, दुसऱ्यावर तुमच्या गुडघेदुखीची हकीकत आणि तिसऱ्यावर प्रश्न, की मेजावरचं पांढरं कापड कुठे गेलं. मी कशी आहे हे विचारायचं बहुतेक जागेअभावी राहिलं असावं.

कापड माझ्याकडे आहे. चोरलेलं नाही. प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड धुवायचं, खळ घालायची, इस्त्री करायची हे काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे आहे. निघताना धुण्याच्या टोपलीत जे होतं ते सगळं मी बॅगेत कोंबलं, त्यात तेही आलं. तुमची दोन बनियनही आली आहेत. त्यांची चौकशी तुम्ही केली नाहीत, यावरून तुमची भक्ती दिसते.

'घरी ये, लोक विचारतात' असं लिहिलंय. लोकांना काय सांगायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तो रविवार मी पुन्हा सांगते, कारण तुमच्या पत्रात तो भलताच गोड दिसतोय. आपल्या एकुलत्या एका लेकीला मातीत ठेवून आठवडासुद्धा उलटला नव्हता. मी तुमच्या शेजारी बसले होते आणि माझ्या कानांत नुसतं घुं-घुं होत होतं. तुम्ही उठलात. मला वाटलं, शास्त्रपाठ वाचायला चाललात. तुम्ही वर उभे राहिलात आणि म्हणालात, "आमच्या मुलीला नेणाऱ्या या भावाला, त्याच्या डुलकीला, त्याच्या निष्काळजीपणाला, आम्ही नवरा-बायको दोघांच्या वतीने प्रभूच्या नावाने माफ करतो." मग खाली आलात आणि मागच्या बाकावर कुबडी मांडीवर घेऊन बसलेल्या ड्रायव्हरला मिठी मारलीत. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. कुणीतरी माझी पाठ थोपटली, जणू ते मीच बोलले होते.

मला कुणी विचारलं होतं? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणं म्हणतात ते हेच. माफी माझी, लेक माझी, आणि दानशूर तुम्ही.

तुम्हाला एक गोष्ट कळलेली नाही, म्हणून लिहिते. आपला बाक आणि ड्रायव्हरच्या घरचा बाक पुढे-मागे आहेत, आजचे नाहीत, भिंगरी रांगत होती तेव्हापासूनचे. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब सांगतात, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने आधी त्याच्याशी हात मिळवावा, मग मेजापाशी यावं. आणि सगळी मंडळी मागे वळून मागच्या बाकाला हात देते. मी वळले की समोर तोच. ज्या हातांनी मंडळीच्या व्हॅनचं चाक धरलं होतं तेच हात. गायनाच्या सरावाहून येताना बाकीच्या पोरी आपापल्या घरी उतरल्या, आपलीच शेवटची, पुढच्या सीटवर गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन बसलेली, आणि उतारावर व्हॅन सुटून भिंतीवर गेली. तुम्ही माफ केलंत, तुमचं काम झालं. मला मात्र दर महिन्याला मागे वळायचं होतं. मला ते जमलं नसतं. मी त्या हातावर थुंकले असते. म्हणून ताईकडे आले.

कापड पाठवीन. घाई करू नका.

भिंगरीची आई


बुधवार, १९ फेब्रुवारी

भिंगरीच्या बाबांना,

या वेळी पाच पानं! आणि त्यांतली साडेचार पवित्र शास्त्राची. माफ किती वेळा करावं, सात वेळा का, तर नाही, सातच्या सत्तरपट. मला तोंडपाठ आहे हो. रविवारच्या शाळेत मीच शिकवते ते लहान पोरांना. पण तिथे असं कुठे आहे, की शेजारच्या घरची थकबाकीही आपण सोडून द्यावी आणि टाळ्या घ्याव्यात? एक जेवला म्हणून दुसऱ्याचं पोट भरत नाही. माफीचंही तसंच असावं.

उरलेल्या अर्ध्या पानात खरी गोम आहे. मंडळीची जबाबदारी घेणाऱ्याने आधी आपलं घर नीट चालवावं असं प्रेषिताने सांगून ठेवलंय, आणि मी गेल्यापासून मंडळीचे दुसरे पंच कुजबुजतात, की ज्याची बायको टिकत नाही त्याला पंच कशाला ठेवायचा. बिचारे तुम्ही. मला हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली, आणि मग ताईने हाक मारली म्हणून मी उठले.

इथे मी लॉन्ड्रीत लागलेय. दाजींनी ओळख काढून दिली. दाजी मला 'पंचीणबाई' म्हणतात आणि ताई त्यांना डोळे वटारते. हॉस्पिटलच्या चादरी येतात, गाड्याच्या गाड्या. वाफेने अंग शिजतं, बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत. चादरीची घडी घालायला दोघी लागतात. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने, ताणायची, आणि एकमेकींकडे चालत यायचं. माझी जोडीदारीण दिवसभरात एक शब्द बोलत नाही, आणि त्यामुळे माझं तिच्याशी उत्तम जमतं. मध्ये एखादी चादर लहान येते, मुलांच्या वॉर्डातली. ती मी एकटीच घडी करते. ती बाजूला उभी राहते.

मला तिची आठवण येते असं लिहिणार होते. पण 'आठवण येते' हा काय शब्द आहे? आठवण यायला ती जावी तर लागते. सकाळी मी दोन डबे काढते आणि एक परत ठेवते. अजूनही.

काल लॉन्ड्रीच्या फाटकाशी ड्रायव्हरची बायको उभी होती. एवढ्या लांब बस करून आली. मी तिला खिडकीतून पाहिलं आणि मागच्या दाराने निघून आले. वाईट केलं म्हणा हवं तर. तुमच्या मंडळीत आम्ही दोघी एकाच ओळीत उभ्या राहून गायचो, तिचा आवाज खालचा, माझा वरचा. तिला सांगा पुन्हा येऊ नकोस. आणि माझा पत्ता तिला कुणी दिला तेही मला सांगा.

भिंगरीची आई


रविवार, ९ मार्च

भिंगरीच्या बाबांना,

ती पुन्हा आली. या वेळी मागच्या दाराशी उभी राहिली. बाई हुशार आहे.

मी म्हटलं, "माफीच हवी असेल तर ती तुम्हाला मिळालेली आहे. व्यासपीठावरून मिळाली. आता काय लेखी पाहिजे?"

ती म्हणाली, "वहिनी, माफी नकोच आहे आम्हाला. त्या माफीनेच आमचा जीव घेतलाय."

मग आम्ही लॉन्ड्रीमागच्या कठड्यावर बसलो आणि तिने मला सांगितलं. ते मी तुम्हाला जसंच्या तसं लिहिते. तिने सांगितलं ते खोटं असेल तर तसं लिहा, मी तिला जाऊन सुनावेन.

ती म्हणाली, तिच्या नवऱ्याला डुलकी लागली नव्हती. व्हॅनचा ब्रेक लागत नव्हता. पाय दाबला की पेडल थेट खाली जायचं, आणि दोनतीनदा दाबल्यावर मग कुठे पकडायचं. हे त्याने पंचांच्या बैठकीत येऊन सांगितलं होतं. नंतर पुन्हा एकदा सांगितलं, तुम्हाला, तुमच्या चष्म्याच्या दुकानात. मंडळीच्या इमारतीचं आणि व्हॅनचं सगळं तुमच्याकडे आहे, म्हणून तो तुमच्याकडे आला. वर्धापनदिनाचा कार्यक्रम तोंडावर आला होता, भिंतींचं रंगकाम काढलं होतं. तुम्ही काच पुसत पुसत म्हणालात, "कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग बघू. आजवर प्रभूने राखलंय ना? पुढेही राखील."

असं म्हणालात का?

मला तुमचा आवाजच ऐकू आला. 'राखील'वर तुम्ही जो जोर देता ना, तो तिने हुबेहूब काढला. ती नकला करणारी बाई नाही, म्हणून मला भीती वाटली.

मंदिराच्या टोकावरून खाली उडी मार, देवदूत झेलतील, हे प्रभूला कोण म्हणालं होतं? रविवारच्या शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल, सैतान म्हणाला होता. आणि प्रभूने उडी मारली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, म्हणाला. आपण आपल्या पोरीला त्या टोकावर बसवलं आणि भिंतींना रंग दिला.

मी तिला विचारलं, मग तुझ्या नवऱ्याने हे पोलिसांना का नाही सांगितलं? व्हॅनचा पुढचा भाग तर चेपून गेला होता, तपासणाऱ्यांना काही कळलं नाही, पण याला तोंड होतं ना? ती म्हणाली, "सांगणार होते हो. दवाखान्यातून सुटले आणि सांगणारच होते. तेवढ्यात दादांनी चारचौघांत मिठी मारली. घरी आल्यावर हे म्हणाले, ज्याची पोर माझ्या शेजारी बसून गेली आणि ज्याने तरी मला छातीशी धरलं, त्याच्यावर आता बोट कसं दाखवू? तेव्हापासून मुके झालेत. वकील म्हणतो, डुलकी लागली असं कबूल करून टाका, शिक्षा कमी होईल. ८ एप्रिलला कोर्टात तारीख आहे. कबूल करतील आणि तुरुंगात जातील."

आता मला कळतंय तुम्ही काय केलंत. माफ करता करता तुम्ही त्याचा गुन्हा ठरवून टाकलात. डुलकी हा शब्द तुमचा आहे. तोवर कुणी उच्चारला नव्हता. एकदा माफ केलं की मग कोण विचारतंय नक्की काय झालं होतं? आणि बाकीचे पंच मूग गिळून बसले. अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ. चष्म्याच्या दुकानदाराच्या बायकोने हे सांगावं, याचं दाजींना फार हसू आलं असतं. मी त्यांना सांगितलेलं नाही. ताईलाही नाही. कुणालाच नाही.

कारण तुमचा नियम मला पाठ आहे. तुमच्या भावाने तुमचा अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठा आणि सांगा. त्याने ऐकलं तर भाऊ परत मिळाला. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगा. या नियमावर तुम्ही किती जणांची भांडणं सोडवलीत! त्या शिंपीणबाईला तर पायरी चुकली म्हणून परत पाठवलं होतं, आधी एकटी जाऊन ये म्हणून. मी पायरी चुकणार नाही. हे पत्र फक्त तुम्हाला आहे. मी एकटी तुमच्याकडे आलेय असं समजा.

खरं काय ते सांगा. मला नको, ८ तारखेला कोर्टात सांगा. एवढं केलंत तर मी दुसऱ्या दिवशी घरी येईन, आणि यानंतर पुन्हा कधी हे ओठांवर आणणार नाही. शपथ घेऊ नये असं शास्त्र सांगतं, म्हणून नुसतं हो म्हणते.

भिंगरीची आई


गुरुवार, २० मार्च

भिंगरीच्या बाबांना,

आज पत्र लिहिताना मी एकटी नाही. इस्त्रीच्या टेबलावर कागद आहे, डाव्या हाताला ताई बसलीय, उजव्या हाताला ड्रायव्हरची बायको. तिने कामावरून रजा घेतली आहे. दाजींना ताईने भाजी आणायला पाठवलंय, आणि ते समजून उमजून लांबच्या बाजारात गेले आहेत. ही दुसरी पायरी.

तुमचं उत्तर मी दोघींना वाचून दाखवलं. चार पानं प्रार्थनेची. मग एक ओळ, 'गाडी जुनी होती, कधी काय होईल कोण सांगणार.' आणि शेवटी, 'असल्या गोष्टी कागदावर लिहू नयेत, घरी ये, समोरासमोर बोलू.'

झाकली मूठ सव्वा लाखाची, नाही का? ताई म्हणाली, "नाही म्हणाला नाहीये तो. लिही त्याला, की नाही म्हणाला नाहीस." लिहिलं.

खरं सांगू? तुम्ही 'ती बाई खोटं बोलते' असं लिहिलं असतं तर मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता. मी वाट बघत होते त्या ओळीची. पाकीट फोडताना मी चक्क प्रार्थना केली, की देवा, त्याने ते नाकारलेलं असू दे. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काढली, मला तुम्ही हवे आहात. तुम्ही सकाळी दुकानात जाण्याआधी आरशात न बघता भांग पाडता आणि तो रोज वाकडा येतो, तो मला नीट करायला हवाय. या दोघींसमोर हे लिहिताना मला लाज वाटतेय, पण साक्षीदार आहेत, तर पूर्ण साक्ष होऊ दे.

ड्रायव्हरच्या बायकोला विचारलं, तुला काय लिहायचंय? तिने पदर सावरला. मग म्हणाली, "दादांना म्हणावं, आम्ही तुमच्यावर केस करणार नाही, नुकसानभरपाई मागणार नाही, काही नाही. ते झोपले नव्हते एवढंच लोकांना कळू दे. आमचा मुलगा शाळेतून येतो आणि बापाला विचारतो, तुम्ही का झोपलात?"

ताई म्हणते, लेखणी तिच्या हातात असती तर तिने तुम्हाला असं काही लिहिलं असतं, की तुमचं सगळं शास्त्र बाहेर आलं असतं. मी तिला दिली नाही.

उत्तर लवकर द्या. तिसरी पायरी मला नको आहे.

भिंगरीची आई


सोमवार, ३१ मार्च

मंडळीतील सर्व भावांना आणि बहिणींना, प्रभूमध्ये सलाम.

बाहेरून आलेली पत्रं उपासनेत वाचून दाखवायचं काम माझे पती करतात, म्हणून हे पत्र त्यांच्याच नावे पाठवत आहे. येत्या रविवारी ते वाचावं अशी विनंती आहे.

सोबत मेजावरचं कापड पाठवते. ते धुऊन, खळ घालून, इस्त्री करून दिलं आहे. एका कोपऱ्यात द्राक्षरसाचा जुना डाग आहे, तो निघाला नाही. त्या बाजूने घडी घालून ते अंथरावं.

माझी मुलगी गेल्यानंतरच्या रविवारी माझ्या वतीने एक माफी देण्यात आली. ती मी दिली नव्हती. ती मी परत घेते.

मला असं समजलं आहे, की व्हॅनचा ब्रेक नीट लागत नसल्याचं चालकाने अपघाताआधी पंचांच्या बैठकीत सांगितलं होतं, आणि त्यानंतर माझ्या पतींना दुकानात येऊन पुन्हा सांगितलं होतं, आणि रंगकामासाठी ती दुरुस्ती पुढे ढकलली होती. मी याबद्दल माझ्या पतींना आधी एकटीने विचारलं, मग दोन साक्षीदारांसह विचारलं. त्यांनी ते नाकारलेलं नाही. दुसऱ्या पत्राला उत्तरच आलेलं नाही. म्हणून प्रभूने सांगितल्याप्रमाणे आता मंडळीला सांगत आहे.

मंगळवारी, ८ एप्रिलला, कोर्टात तारीख आहे. त्या बैठकीत जे कोणी बसले होते त्यांनी कोर्टात येऊन खरं सांगावं. तुम्ही सगळे भले लोक आहात. माझ्या मुलीच्या शवपेटीला तुम्ही खांदा दिलात, माझ्या घरी डबे आणून दिलेत, हे मी विसरलेले नाही.

चालकाबद्दल माझ्या मनात जे आहे ते मी त्याला स्वतः सांगेन.

आपली बहीण


रविवार, ६ एप्रिल

भिंगरीच्या बाबांना,

हे पत्र मी ड्रायव्हरच्या घरी बसून लिहितेय. त्यांच्या स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगतं, अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. त्यांचा मुलगा आता हे तुमच्या दाराखालून सरकवून येईल. टपालाला वेळ नाही.

आज तुम्ही मला पाहिलंत. तुम्ही पुढे, आपल्या बाकावर एकटे. मी मागे, त्यांच्या बाकावर, ती आणि तो यांच्या मधोमध. आत शिरताना सगळ्या माना वळल्या, तुमची वळली नाही. मानेवर केस वाढले आहेत तुमच्या. कापायला हवेत.

पत्रं वाचायची वेळ आली. तुम्ही माझं पाकीट घेऊन वर गेलात. सलाम वाचलात. कापडाचं वाचलंत. डाग निघाला नाही, त्या बाजूने घडी घालून अंथरावं, इथपर्यंत सावकाश, स्पष्ट वाचलंत. मग थांबलात. एक पोर तेवढं खोकत होतं. आणि तुम्ही म्हणालात, "तुम्ही सगळे भले लोक आहात. घरी डबे आणून दिलेत हे मी विसरलेले नाही. आपली बहीण." आणि कागदाची घडी केलीत.

मी उठले होते. ओरडणार होते, मधलं वाचा म्हणून. पण ड्रायव्हरने माझी बाही धरली. म्हणाला, "राहू द्या वहिनी. त्यांना सगळ्यांसमोर नका पाडू." तो म्हणाला हे! जो परवा तुरुंगात जाणार आहे तो. मला त्याचा इतका राग आला, की मी खाली बसले.

मग हात द्यायची वेळ आली. तुम्ही वळलात. आधी त्याला हात दिलात, तिला दिलात, आणि मग मला. मी माझे हात मांडीवर ठेवले. तुमचा हात हवेत राहिला, सगळ्यांनी पाहिलं. मला आनंद झाला नाही.

मग प्याल्यांचं तबक घेऊन तुम्ही बाकाबाकावरून फिरलात. आमच्या बाकाशी आलात तेव्हा तबकातले प्याले एकमेकांवर वाजत होते. मी घेतला नाही, तिनेही नाही, त्याने नाही. ते तुम्हाला अपेक्षित असेल. पण मी एक पाहिलं, बाकी कुणी पाहिलं असेल-नसेल. तबक मेजावर ठेवल्यावर पंच शेवटी आपापला प्याला घेतात. सगळ्यांनी घेतला. तुमचा भरलेलाच राहिला. तुम्ही तो उचललात, ओठांपर्यंत नेलात आणि खाली ठेवलात. आणि माझं पत्र तुम्ही शास्त्रात नाही ठेवलंत, फाडलं नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवलंत, आणि उपासना संपेपर्यंत त्यावर हात धरून उभे होतात, दात दुखणाऱ्याने गाल धरावा तसे.

तिसरी पायरीही झाली. त्यापुढे काय सांगितलंय तेही तुम्हीच शिकवलंत. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुम्हाला परक्यासारखा आणि जकातदारासारखा होवो. म्हणजे त्याच्याशी संबंध तोडा, असं तुम्ही सांगत आलात. त्या अर्थाने तुम्ही शिंपीणबाईच्या दिराला दारातून परत पाठवलं होतं, आणि तो पुन्हा कधी आला नाही.

दुपारी इथे बसून मी हेच घोकत होते, जकातदार, जकातदार. उद्याच्या गाडीने ताईकडे परत जायचं आणि तुम्ही मेलात की यायचं, असं ठरवत होते. आणि मग मला ते पोरांना शिकवलेलं आठवलं. तो बुटका जकातदार, गर्दीत दिसत नाही म्हणून झाडावर चढून बसलेला. सगळं गाव ज्याच्यावर थुंकत होतं, त्याच्या झाडाखाली प्रभू थांबला. त्याला खडसावलं नाही, उपदेश केला नाही. लवकर खाली उतर म्हणाला, आज मला तुझ्या घरी मुक्काम करायचाय. आणि मग त्या घरी बसल्यावर जकातदार आपणहोऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी ज्याला लुबाडलंय त्याला चौपट परत देतो.

भिंगरीला ही गोष्ट फार आवडायची. ती खुर्चीवर चढायची, आणि मी खाली उभी राहून बोलवायचे, उतर.

तुम्हाला मी माफ केलेलं नाही. ते अजून झालेलं नाही, आणि कधी होईल ते मला माहीत नाही. दोघांच्या वतीने तर मी काहीच करणार नाही, तुम्ही एकदा केलंत तेवढं पुरे. पण ड्रायव्हरला मी आज सांगितलं. त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या कुबडीकडे बघत. मी म्हटलं, तुझ्यावर माझा राग नाही. जो होता तो आता तुझ्यावर नाही. तो उठला. तोंड फिरवून नळ सोडला आणि धुतलेलाच पेला पुन्हा धुवायला लागला. बरंच पाणी वाया घालवलं त्याने.

उद्या, सोमवारी संध्याकाळी, मी जेवायला येतेय. माझ्याबरोबर हे दोघंही असतील. स्वयंपाक मी तिथे येऊन करीन, तुम्ही फक्त भात लावून ठेवा, आणि करपवू नका. परवा सकाळी कोर्ट आहे. जेवणात मी ते बोलणार नाही, तोही बोलणार नाही, आमच्यापैकी कुणीच काही विचारणार नाही. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. नाही सांगितलंत, तर परवा तो आत जाईल, आणि मी तुमच्याकडे पुन्हा कधी येणार नाही. त्या वेळी जकातदारही नाही आणि झाडही नाही.

खाली उतरा.

आपल्याकडे खुर्च्या चारच आहेत, आणि आपण चौघं. भिंगरीच्या खुर्चीवर तुम्ही तिची पुस्तकं ठेवली असतील, मला ठाऊक आहे. ती उचला आणि खुर्ची पुसून ठेवा. तिच्यावर मी ड्रायव्हरला बसवणार आहे.

भिंगरीची आई